हनीफ सरांची सरकणारी खेळणी

बातमी आली तेव्हा मी भिवंडीत धामणकर नाक्यावर पत्रकं वाटत होते. शेअर रिक्षांच्या रांगेपाशी, नेहमीच्या जागी. पत्रक रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आणि गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांबद्दल होतं. फोन सकीना आपांचा, म्हणजे हनीफ सरांच्या मोठ्या बहिणीचा. आपांच्या घराखाली लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, त्यामुळे त्या जन्मभर मोठ्यानेच बोलत आल्या. त्या दिवशी मात्र हळू बोलल्या. "हनीफ गया, बेटा." एवढंच… मग फोनवर नुसती लूमची खटखट. मी हातात उरलेली पत्रकं वाटून संपवली. थांबले असते तर तिथेच नाक्यावर फतकल मारून बसले असते, आणि नाक्यावर बसायलाही जागा कुठे आहे?

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला पहिली ओळ आपोआप सुचते. मला त्याच संध्याकाळी सुचली होती : गोदामांच्या कंटेनरांनी आमचे हनीफ सर मारले. सकाळी सरांच्या छातीत दुखू लागलं, रुग्णवाहिका आली, त्यांना घेऊन निघाली आणि नाक्याच्या पुढे आडव्या झालेल्या कंटेनरमागे अडकून पडली. आपा आत होत्या. भोंगा वाजत राहिला, पुढचं चाक हललं नाही. पण मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की लवकर आले असते तरी वाचले असते असं छातीठोक सांगता येणार नाही. सरांनी माझी ती ओळ वाचली असती तर पेन्सिलीने खाली रेघ मारून बाजूला एकच शब्द लिहिला असता : पुरावा? म्हणून ती ओळ मी छापली नाही. पण रुग्णवाहिका कंटेनरमागे उभी होती, हे खरं आहे, आणि ते मी इथे लिहिणार.

हनीफ सर पुरातत्त्वाचे अभ्यासक. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. घरात पिढ्यानपिढ्या कापडाचा धंदा, आणि हा मुलगा खापरं गोळा करत फिरतो म्हणून वडिलांनी कपाळावर हात मारला होता म्हणे. सरांनी बाहेरगावी शिकवलं, ठिकठिकाणी उत्खननं केली, निवृत्त झाल्यावर परत आले आणि लूमच्या वरच्या खोलीत राहायला लागले. खालचे लूम पुतण्या इरफान बघतो. लग्न केलं नाही. त्यावर आपांचं एक ठरलेलं वाक्य होतं, पाहुणा नवा असला की ऐकवायच्याच : "याला बायको नाही मिळाली, म्हणून ही सगळी वरात पाळली आहे."

वरात म्हणजे खेळणी. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले ती भांडायच्या तयारीने गेले होते. कुणीतरी सांगितलं होतं की मोठे विद्वान आहेत, आणि विद्वान लोकांना आमच्या गावाचं काही पडलेलं नसतं हा माझा अनुभव. दार उघडं होतं. पांढऱ्या दाढीचा एक माणूस जमिनीवर पालथा पडून, गाल फरशीला टेकवून, पत्र्याच्या एका किल्लीच्या रोबोटकडे बघत होता. मला म्हणाले, "पाय उचलून ये. तो येतोय." रोबोट माझ्या चपलेला धडकला आणि तिथल्या तिथे चालत राहिला. मग सर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हं. आता बोल, काय खोदायचंय?"

भिंतभर फळ्या होत्या. पत्र्याचे रोबोट, प्लॅस्टिकचे अंतराळवीर, बिस्किटाच्या पुड्यात फुकट मिळायचे ते प्राणी, च्युइंगममधले मोटारींचे तुकडे, रंगीत चौकोनांचे फिरवायचे ठोकळे, जुने व्हिडिओ गेम, फासे, सोंगट्या. मध्ये मध्ये रद्दीतून आणलेल्या विज्ञानकथा, मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, मुखपृष्ठं उडालेल्या. आणि हे सगळं थरांनी लावलेलं. तळाच्या फळीवर सर्वांत जुनं, वर वर नवं. सर ओळख करून द्यायचे, "ही पत्रा संस्कृती. तिच्यावर बिस्किट काळ. हा बघ, इथे च्युइंगमवाल्यांचं आक्रमण झालं." मी हसले नाही. तेव्हा मला असल्या गोष्टींचा राग यायचा. आमच्या गावामागचं टेकाड गोदामाखाली जायची वेळ आली होती आणि हा म्हातारा खेळत बसला होता.

पण त्या खोलीतली खरी गंमत वेगळी होती. खाली लूम सुरू झाले की अख्खी इमारत बारीक थरथरायची, आणि त्या थरथरीने फळीवरची खेळणी सरकायची. डोळ्यांना दिसणार नाही इतकं हळू. दिवसपाळी, रातपाळी होऊन सकाळी बघावं तर सगळी वरात काठाकडे आलेली. सर रोज सकाळी चहा घेण्याआधी एकेकाला बोटाने मागे सरकवून भिंतीला टेकवायचे. रबराचे जागचे हलत नाहीत, पत्र्याचे लवकर निघतात, एक पाय तुटलेला अंतराळवीर नेहमी डावीकडे वळतो, हे सगळं त्यांना पाठ. इरफानने एकदा फळीला पट्टी ठोकून द्यायची तयारी दाखवली. सरांनी नको म्हटलं. "पट्टी लावली तर ते चालतात हे मला कळणार कसं?"

आता टेकाडाबद्दल. आमचं गाव पडघ्याजवळ, हायवेपासून थोडं आत. आम्ही आदिवासी. गावामागे एक टेकाड आहे, त्याच्यावर वाघ्याचा, म्हणजे आमच्या वाघदेवाचा, दगड. वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, गुराखी तिथे जमतात, नारळ फोडतात, भात शिजवतात. टेकाडावर पेरायचं नाही, खणायचं नाही. पावसात तिथून खापरं आणि बांगड्यांचे तुकडे वाहून यायचे, आम्ही लहानपणी त्यांनीच घरघर खेळलो. मग आजूबाजूची शेतं एकेक करून गोदामाच्या पत्र्याखाली गेली, आणि एक दिवस टेकाडालाही खुणांचे खुंटे ठोकलेले दिसले. सातबाऱ्यावर आमचं नाव नव्हतं. देवाचं तर नसतंच. आम्ही पत्रकं काढली, मोर्चा नेला, हायवेवर बसलो. शेवटी आश्वासन मिळालं की आधी चाचणी उत्खनन होईल, मग सुनावणी, काही निघालं तर बघू. बघू! हा शब्द मी कचेऱ्यांमध्ये इतक्यांदा ऐकलाय की तो फलकावरच लिहून टाकायला हवा. उत्खनन सर करतील असं ठरलं, कारण फुकट करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

काम सुरू होण्याआधी सरांनी मला आणि गावातल्या चार पोरांना खोलीत बोलावून एक खेळ खेळायला लावला. खेळ त्यांनीच बनवलेला. इरफानच्या लूमवर विणून घेतलेलं चौकड्यांचं कापड, तसे बरेच थर एकावर एक टाचलेले, प्रत्येक चौकोन वेगळा कापलेला. आपल्या पाळीला एक चौकोन उचलायचा, खाली काय निघेल ते आपलं. बटण, मणी, बांगडीचा तुकडा, कुठे काहीच नाही. उचललेला चौकोन परत ठेवता येत नाही. आम्ही अधाशासारखे उचलत सुटलो. माझ्याकडे सर्वांत जास्त माल जमला. सगळे चौकोन संपले तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही सगळे हरलात." का? तर प्रत्येकाने आपल्या वाट्याचा निदान एक चौकोन न उचलता सोडायला हवा होता. मी म्हटलं, हा नियम आधी सांगायला पाहिजे होता. "मलाही आधी कुणी सांगितला नव्हता," सर म्हणाले. "तरुणपणी मी एक अख्खी जागा खोदून संपवली. आज जी यंत्रं आहेत ती तेव्हा नव्हती. आज तिथे जाऊन काही विचारावं म्हटलं तर विचारायला माती उरली नाही."

सरांचं विज्ञानकथांचं वेड मला त्या दिवशी जरा कळलं. त्यांना अंतराळयानांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात सतत एक माणूस असायचा, पुष्कळ वर्षांनी येणारा, आपल्याला न ओळखणारा, आपल्यापेक्षा चांगली हत्यारं घेऊन आलेला. त्याच्यासाठी ते जागा राखत. आणि त्याच्याशी बोलतसुद्धा. उत्खनन करणारे लोक चर बुजवण्याआधी तळाशी चालू काळातलं एखादं नाणं ठेवतात. पुन्हा कुणी खणलं तर त्याला कळावं की इथपर्यंत आधीचे येऊन गेलेत, याच्या खाली आणि बाजूला हात लागलेला नाही. सर नाण्याऐवजी खेळणं ठेवायचे. "नाणं बघून त्याला फक्त साल कळेल. खेळणं बघून कळेल की खणणारा माणूस होता."

उत्खनन टेकाडाच्या उत्तरेकडून, वाघ्यापासून लांब सुरू झालं, म्हणून गावानेही ते चालवून घेतलं. खापरं निघाली, चुलीची जागा निघाली, लोखंड गाळल्याचा मळ निघाला, आणि एके दुपारी भाजलेल्या मातीचं एक लहानसं चाक निघालं, मधोमध भोक असलेलं. खेळण्यातल्या गाडीचं. सरांनी ते तळहातावर घेतलं आणि काडीने भोकातली माती काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी मोडल्यावर हा पोरगा रडला असेल." त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, हे आता स्वतःच रडतात की काय…

पहिला चर बुजवायची वेळ आली तेव्हा सर तळाशी उतरले आणि कोपऱ्यात एक हिरवा प्लॅस्टिकचा अंतराळवीर नीट उभा करून ठेवला. वरून अख्खं गाव बघत होतं. दुसऱ्या दिवशी, चरात माती लोटण्याआधीच, माझी आई आणि शेजारच्या बाया नारळ आणि तांदूळ घेऊन हजर. त्यांची समजूत अशी झाली की मास्तरांनी जमिनीला मान दिला, आपण कसं मागे राहायचं. सरांची धांदल उडाली. हे खूण म्हणून ठेवतात, पूजा नाही, असं ते परत परत सांगत होते. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते हाय बरोबर. पन तुजा देव लय हलका हाय मास्तर, वाऱ्यानं उडंल." आणि त्याला टेकू म्हणून एक धोंडा ठेवून दिला. तेव्हापासून गावात रीतच पडली. वाघबारशीला पोरं वाघ्यापुढे आपलं एखादं खेळणं ठेवायला लागली. सरांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हजार वर्षांनी येणारा इथे पार वेडा होणार आहे," म्हणाले. पण खूश होते. मला दिसत होतं.

आमचं भांडण झालं ते उत्तरेकडचा भाग संपल्यावर. परवानगी होती, माणसं होती, हवा चांगली होती, आणि सरांनी काम थांबवलं. दक्षिणेकडचा भाग, जिथे वाघ्या आहे, त्याला हात लावणार नाही म्हणाले. मी संतापले. बुलडोझर दाराशी उभा आहे आणि तुम्ही चौकोन सोडताय? हा काय तुमच्या कापडाचा खेळ आहे? सगळं खोदा, ढीगभर पुरावा काढा, मी तो सुनावणीत त्यांच्या टेबलावर आपटते. सरांनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले, "पत्रक," हे त्यांनी मला ठेवलेलं नाव, "तुला जिंकायचंय. मला पण. पण जे वाचवायला निघालो तेच खोदून संपवलं तर वाचवलं काय?" मी म्हटलं, तुमचा तो हजार वर्षांनी येणारा माणूस, त्याला मत नाही, रेशनकार्ड नाही, आणि आमच्याआधी त्याचा नंबर लागतो.  सर फावडी मोजून टेम्पोत ठेवायला लागले.

सुनावणीत जे झालं ते मी आजही राग न येता सांगू शकत नाही. निकाल वाचला गेला : उत्तरेकडच्या भागाचं उत्खनन व नोंद पूर्ण झाली असल्याने तेथे जतन करण्यासारखे काही शिल्लक नाही, सबब बांधकामास हरकत नाही. दक्षिणेकडचा भाग अस्पर्शित असल्याने पुढील अभ्यासासाठी राखून ठेवावा. म्हणजे जिथे खोदून सिद्ध केलं की इथे माणसं राहत होती, तीच जागा गेली. जिथे काहीच सिद्ध केलं नव्हतं ती राहिली. असला न्याय! आणि मला बसल्या जागी कळलं की सगळं टेकाड खोदलं असतं तर सगळंच गेलं असतं, वाघ्यासकट. बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, तुम्हाला हे आधीच माहीत होतं का? ते म्हणाले, "छे गं. सरकार असं डोकं चालवेल हे कुठल्या विज्ञानकथेत पण नाही." मी रात्रीतून पत्रक लिहिलं, मथळा दिला, टेकाड वाचलं. सरांनी पेन्सिल काढून तो खोडला. अर्धं टेकाड गेलं, असं लिही म्हणाले. लोकांना काय गेलं ते आधी कळू दे.

आज उत्तरेकडे गोदाम उभं आहे. त्याच्या जमिनीखाली, बुजवलेल्या चरांच्या तळाशी, सरांची खेळणी असतील किंवा गोदामाचा पाया खणताना चिरडली असतील. सर मात्र येत राहिले. मागच्या वाघबारशीलाही आले, तीच आमची शेवटची भेट. दम लागत होता, टेकाड चढताना दोनदा थांबले. आईने त्यांना दगडापाशी बसवून भात वाढला. शेजारी पोरांनी ठेवलेली एक बिनचाकांची मोटार आणि एक प्लॅस्टिकचं बदक. गोदामाच्या बाजूने ट्रक मागे घेतल्याची पिपाणी सारखी वाजत होती. सर बदकाकडे बघून म्हणाले, "बिस्किट काळ. उशिराचा." मी म्हटलं, दवाखान्यात जा. ते म्हणाले, "जाईन. आधी ते बदक सावलीत ठेव, रंग उडेल." मी ठेवलं. ते दवाखान्यात गेले नाहीत…

चाळिसाव्याला मी आपांकडे गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं, इरफानने त्या दिवसापुरते लूम बंद ठेवलेले. फातिहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मग आपा म्हणाल्या, वर चल, मी अजून खोली उघडली नाही, एकटीला उघडवत नाही. कुलूप त्यांनीच काढलं. दिवा लावला आणि आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो. रबराचे तेवढे सोडले तर प्रत्येक फळीवरची सगळी वरात काठावर आली होती. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, सगळे एका ओळीत, अगदी टोकाशी. काही खाली पडले होते. पाय तुटलेला अंतराळवीर डावीकडच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता. इतके दिवस खाली दोन्ही पाळ्या चालू होत्या आणि त्यांना मागे सरकवणारं कुणी नव्हतं. लूम बंद असल्यामुळे खोलीत इतकी शांतता होती की… आपा खाली बसल्या आणि मोठ्यानेच रडल्या. त्यांना दुसरं कसं येणार?

मग आम्ही पडलेली खेळणी उचलली. एकेक मागे नेऊन भिंतीला टेकवलं. आपांना थर ठाऊक नव्हते, मला ठाऊक होते. बिस्किट काळ पत्रा संस्कृतीच्या खाली जायला लागला की मी थांबवायचे. सगळं झाल्यावर आपांनी तो किल्लीचा रोबोट माझ्या हातात दिला. "टेकडीवर ठेव. त्याला आवडलं असतं."

मी तो घेऊन गावी गेले. आई फावडं घेऊन आली, म्हणाली, "खड्डा खनते, मास्तर ठेवायचा तसा खाली ठेव." मी तिला थांबवलं. टेकाडावर खणायचं नाही, हे लहानपणी तिनेच शिकवलं होतं. खेळणं जिथे, तिथपर्यंत माणसाचा हात गेला, हा सरांचा नियम. मग दक्षिणेकडच्या टेकाडात ते खाली कसं ठेवणार? इथे कुणी खणलेलं नाही, आणि आम्ही जिवंत आहोत तोवर खणू देणार नाही. रोबोट मी गवतावर ठेवला, वाघ्याच्या दगडाला टेकवून. आईने फावडं खांद्यावर टाकलं आणि एवढंच म्हणाली, "मंग वाऱ्यापावसाचं काय?" 

परवा गेले होते. गोदामाकडे ट्रकची रांग लागलेली होती, पायाखाली जमीन बारीक थरथरत होती. शेळीचा धक्का लागला असेल, पोरांनी हात लावला असेल, किंवा आणखी काही असेल, पुरावा माझ्याकडे नाही. रोबोट दगडापासून वीतभर पुढे आला होता, उताराच्या दिशेला तोंड करून. मी वाकले आणि बोटाने त्याला मागे सरकवलं.